मे महिन्यात अख्खं घर घेऊन पचमढीला: खान्देशातून निघणाऱ्यांसाठी सगळं एका जागी

जळगाव-भुसावळचा मे महिना कसा असतो ते आपल्यातल्या कोणाला सांगायची गरज नाही. पारा 44-45 ला टेकला की कूलर नुसता गरम वारा फेकतो, आणि सुट्टीला आलेली भाचरं, माहेरपणाला आलेल्या नणंदा, आपली पोरं असे सगळे एकाच एसीच्या खोलीत गाद्या टाकून. मग कोणीतरी म्हणतंच, चला ना कुठंतरी थंड हवेला. म्हणायला एक मिनिट लागतं, पण पुढचं सगळं ज्याच्या गळ्यात पडतं त्यालाच माहिती. आमच्या घरात तिकीट-हॉटेलचं खातं माझ्याकडे आहे, त्यामुळे एप्रिल लागला की नात्यातले फोनही मलाच येतात, पचमढीचं कसं करायचं गं, कुठली गाडी, कुठं उतरायचं, आईला झेपेल का. दरवेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

एक गोष्ट आधीच सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच आहे. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाचे गुडघे आणि सगळ्यात लहान पोराची झोप, या दोन गोष्टी धरून प्लॅन करा. पॉइंटची यादी धरून केलात तर तिसऱ्या दिवशी निम्मं घर खोलीत झोपलेलं आणि निम्मं एकमेकांवर चिडलेलं असतं.

1. ठिकाण: पचमढीच का

तोरणमाळ तर आपलंच, नंदुरबार जिल्ह्यातलं, शहाद्यावरून घाट चढून जायचं, यशवंत तलाव, सीताखाई, जागा सुंदरच आहे पण राहायच्या सोयी मोजक्या आणि दहा-बारा माणसं चार दिवस रमवायची म्हटलं तर पोरं दुसऱ्याच दिवशी कंटाळतात. पावसाळ्यात दोन दिवस स्वतःच्या गाडीने जायला ते बेस्ट. सापुतारा धुळेकरांना जवळ, पण शनिवार-रविवारी तिथे माणसांची जत्रा. महाबळेश्वरला जायचं तर पुण्यापर्यंत एक प्रवास आणि पुढे घाटात दुसरा. शिमला-मनालीला जाणं-येणं धरून तीन-चार दिवस नुसते गाडीत जातात, म्हाताऱ्या माणसांना घेऊन ते नकोच.

पचमढी आपल्याच सातपुड्यात आहे, आपल्या पाल-यावलमागे जो डोंगर दिसतो त्याचीच रांग पूर्वेकडे मध्य प्रदेशात गेलीय, त्यातली ही जागा. नर्मदापुरम जिल्हा, म्हणजे आधीचं होशंगाबाद. उंची समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या थोडी वर, आणि शेजारचं धूपगड 1,350 मीटरच्या आसपास, सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर. भुसावळहून गाडी न बदलता पिपरियाला उतरता येतं, रेल्वेने साधारण पावणेचारशे किलोमीटर. सकाळी बसलात तर दुपारी-संध्याकाळी उतरलात, एवढं सोपं दुसरं कुठलंच हिल स्टेशन आपल्याला नाही.

आता खरं पण सांगते, नाहीतर तिथे गेल्यावर मला शिव्या बसतील. मे महिन्यात पचमढीला दुपारी ऊन असतंच, पारा 35 च्या पुढे जातो. स्वेटर घालून फिरायची थंडी पाहिजे असेल तर डिसेंबर-जानेवारीत जा. मे मध्ये मिळते ती सकाळ आणि संध्याकाळ, झाडांची सावली, आणि रात्री पंख्याखाली चादर घेऊन झोपता येतं, जे जळगावात तेव्हा स्वप्नात पण नाही. धबधबे बारीक झालेले असतात. रजत प्रपात शंभर मीटरच्या वर उंच आहे पण उन्हाळ्यात त्याची धार फोटोत शोधावी लागते. धबधबेच बघायचे असतील तर पावसाळा संपता संपता जायचं.

2. तारीख: आखाजी, लग्नं, शाळा आणि शेत

आपल्याकडे तारीख काढणं हे तिकीट काढण्यापेक्षा अवघड काम आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, त्यामुळे आखाजीच्या आधी कोणी हलत नाही, ते बरोबरच आहे. त्यानंतर लग्नसराई. मग ज्यांची शेती आहे त्यांचं मेच्या शेवटी कापसाची तयारी, बियाणं, खत, केळीवाल्यांचं वेगळंच टाइमटेबल. आणि जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, त्याच्या आधी वह्या-पुस्तकं-युनिफॉर्मची धावपळ. हे सगळं वजा केलं की मेचा दुसरा-तिसरा आठवडा उरतो, बहुतेकांचा तोच निघतो, आणि म्हणूनच सगळ्यांना तेव्हाच जायचं असतं.

तर मार्चच्या सुरुवातीलाच घरात बसून कोणाकोणाची लग्नं कुठल्या तारखेला आहेत ते कॅलेंडरवर मांडा. चुलत-चुलत लग्नाला एक माणूस पाठवायचं ठरवा आणि बाकीचे मोकळे व्हा. सोमवारी पोचून शुक्रवारी सकाळी निघायचं असं बसवता आलं तर फारच चांगलं, कारण शनिवार-रविवारी भोपाळ, इंदूर, नागपूर तिन्हीकडची गर्दी वर चढते आणि हॉटेलचे रेट पण त्याच्याबरोबर चढतात. तीन रात्री कमी पडत नाहीत, चार रात्री आरामात, पाचवी नको.

किती माणसं येणार ते पण आत्ताच पक्कं करून घ्या. "बघू, जमलं तर येऊ" म्हणणारे एक-दोन जण प्रत्येक घरात असतात, त्यांना प्रेमाने सांगा की तिकिटात "बघू" नावाचा बर्थ नसतो.

3. रेल्वेचं तिकीट, सगळी गंमत इथेच होते

हा भाग नीट वाचा.

रिझर्व्हेशन आता प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं, पूर्वी 120 दिवस होतं, नोव्हेंबर 2024 पासून बदललं. सकाळी 8 वाजता सुरू होतं आणि मे महिन्यातल्या चांगल्या गाड्यांचे बर्थ भराभर जातात. त्यामुळे आयआरसीटीसीचं खातं आठवडाभर आधीच उघडून बघा, पासवर्ड चालतोय का, आणि खात्याला आधार जोडून पडताळणी करून ठेवा. बुकिंग उघडतं त्या दिवशी आधार-पडताळणी नसलेलं खातं मागे राहतं, आणि तत्काळ तर त्याशिवाय ऑनलाइन निघतच नाही. सगळ्यांची नावं, वयं मास्टर लिस्टमध्ये आधीच भरून ठेवा. आठ वाजता "आत्याबाईंचं आधारवर नाव काय आहे हो, लीला का लीलावती" असं विचारत बसलात तर संपलंच.

आता सापळा. 60 दिवस मोजायचे ते गाडी तिच्या मूळ स्टेशनवरून ज्या तारखेला सुटते त्या तारखेपासून. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी आपल्याकडे दुसऱ्या तारखेला येते, म्हणजे भुसावळहून तुम्ही 14 तारखेला बसणार असाल पण गाडी मुंबईहून 13 ला सुटत असेल तर बुकिंग 13 च्या हिशोबाने, एक दिवस आधीच उघडतं. परतीला तर हे हमखास होतं, कारण त्या गाड्या गोरखपूर, वाराणसी, हावडा अशा लांबून येतात. तत्काळचा हिशोब पण असाच, मूळ स्टेशनच्या तारखेच्या आदल्या दिवशी, एसीचं 10 वाजता आणि स्लीपरचं 11 वाजता.

दुसरा सापळा मध्यरात्रीचा. रात्री साडेबाराची गाडी म्हणजे तारीख बदललेली असते. "मंगळवारी रात्री निघायचं" असं घरात ठरतं, तिकीट मंगळवारचं निघतं, आणि मंगळवारी रात्री जेवून-खाऊन स्टेशनवर गेलेलं कुटुंब बघतं तर त्यांची गाडी सोमवारची रात्र उलटल्यावरच निघून गेलेली. ओळखीत असं झालेलं आहे. बारा वाजल्यानंतरची कुठलीही गाडी असेल तर तारीख दोन माणसांनी तपासायची.

गाड्यांचं म्हणाल तर मुंबईहून भुसावळ-खंडवा-इटारसी-जबलपूरमार्गे जाणाऱ्या गाड्या बघायच्या, काशी एक्सप्रेस, महानगरी, प्रयागराजवरून (आधीचं अलाहाबाद) जाणारी हावडा मेल. नंदुरबार-अमळनेरकडच्यांनी ताप्तीलाईनवरची सुरतहून येणारी ताप्ती गंगा बघावी, तुमचं जळगावला उतरून बदलायचं वाचतं. धुळेकरांना चाळीसगाव नाहीतर जळगाव गाठावं लागतं. पण या रूटवरची प्रत्येक गाडी पिपरियाला थांबते असं नाही, "जबलपूरला जाते म्हणजे पिपरियावरूनच जाते ना" हे खरं असलं तरी नुसतं जाणं आणि थांबणं वेगळं. इटारसीला उतरून टॅक्सी करता येते पण रस्ता दुपटीच्या वर होतो.

पोरांचं: 5 वर्षांखालच्याला तिकीट नाही. 5 ते 12 मध्ये बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, बर्थ पाहिजे तर पूर्ण. दिवसाची गाडी असेल तर लहान पोराला बर्थ नको म्हणून टाका, रात्रीची असेल तर पैसे वाचवू नका, नऊ-दहा वर्षांचं पोरगं शेजारी घेऊन झोपून बघा एकदा. ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 पासून बंद आहे, ती मिळेल असं धरून बसू नका, पण लोअर बर्थचा कोटा आहे, 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायका. तो मिळवायचा तर आई-वडिलांचं दोघांचंच वेगळं तिकीट काढा, मोठ्या ग्रुपच्या तिकिटात तो लागत नाही. हवं तर काढताना डब्याचा नंबर बघून बाकीच्यांचं त्याच डब्यात ट्राय करा.

एका तिकिटावर जास्तीत जास्त 6 जण, तत्काळला 4. बारा माणसं असतील तर दोन खाती, दोन मोबाईल, दोन माणसं, बरोबर आठला बसवायची. भाचा इंजिनीअर असेल तर त्याला बसवा, फक्त त्याच्या हातात एकट्याच्या देऊ नका.

आणि परतीचं तिकीट! जाताना सगळे हुशार असतात. परतीचं बुकिंग चार-पाच दिवसांनी उघडतं आणि तोपर्यंत सगळ्यांना वाटतं झालं काम. पिपरिया छोटं स्टेशन, तिथून कोटा कमी, वेटिंग लवकर लागतं. ऑनलाइन वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलं तर आपोआप कॅन्सल होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. त्यामुळे परतीच्या तारखेचा अलार्म पण त्याच दिवशी लावून टाका.

4. स्वतःची गाडी न्यायची का?

बऱ्हाणपूर, खंडवा, हरदा, इटारसी, पिपरिया असं जाता येतं, रस्ता दिवसभराचा आहे, मे मधल्या दुपारी. सहा माणसांची एकच कार असेल तर ठीक आहे, म्हातारी माणसं असतील तर रेल्वे. टेम्पो ट्रॅव्हलर भाड्याने करत असाल तर मध्य प्रदेशचा टॅक्स आणि परमिट भाड्यात धरलाय की वेगळा ते आधी विचारा आणि व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या, बॉर्डरवर ड्रायव्हर "ताई, याचे वेगळे" म्हणाला की तिथे भांडून काही होत नाही. ड्रायव्हरच्या राहण्या-जेवणाचं पण तेव्हाच बोलून घ्यायचं. आणि वर गेल्यावर बऱ्याच ठिकाणी आपली गाडी चालत नाहीच, ते खाली सांगते.

5. पिपरियाला उतरल्यावर

पिपरिया ते पचमढी साधारण पन्नास-पंचावन्न किलोमीटर, शेवटचा भाग घाटाचा. स्टेशनच्या बाहेर टॅक्सीवाले असतात, बस पण आहे. दहा माणसं, बॅगा आणि पाण्याचे कॅन असतील तर हॉटेलवाल्यालाच आदल्या दिवशी फोन करून गाडी सांगा, दर आधी ठरतो. शेअर जीपमध्ये बसलात तर माणसं भरेपर्यंत थांबावं लागतं.

घाटात पोरांना उलट्या होतात, सांगूनच ठेवते. गाडीत बसायच्या आधी पोटभर पोहे-जिलेबी खाऊ घालू नका. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर, खिडकी उघडी, मोबाईल काढून घ्यायचा. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घरूनच आणायची आणि घाट लागायच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, घाटात दिलेली गोळी उलटीबरोबर बाहेर येते.

6. राहायचं कुठे

पचमढीत एमपी टुरिझमची बरीच हॉटेलं आहेत, काही तर इंग्रजांच्या जुन्या बंगल्यांत, मोठाले व्हरांडे, आवारात झाडं. महाग पडतात पण म्हाताऱ्या माणसांना तो व्हरांडा म्हणजे अर्धी ट्रिप. ती लवकर भरतात, रेल्वेचं तिकीट कन्फर्म झालं की त्याच दिवशी बुक करा. खाजगी लॉज-हॉटेलं भरपूर, बाजाराजवळची स्वस्त.

फोन करून विचारायचे प्रश्न हे: तळमजल्यावर खोली आहे का, लिफ्ट आहे का (बहुतेक ठिकाणी नसते), कमोड आहे का, लाइट गेली तर जनरेटरवर पंखा चालतो का, एक्स्ट्रा बेड म्हणजे पलंग की नुसती गादी, आणि चेक-आउट किती वाजता. शेवटचा महत्त्वाचा आहे कारण काही ठिकाणी 24 तासांचा हिशोब असतो आणि काही ठिकाणी सकाळीच खोली खाली करायला लावतात, गाडी रात्रीची असली की बारा माणसं बॅगा घेऊन दिवसभर बाहेर.

फसवणुकीचं पण सांगते. इंटरनेटवर हॉटेलचं नाव टाकलं की वर जो नंबर येतो तो हॉटेलचाच असेल असं नाही. खोटी पेजं असतात, गोड बोलतात, खोल्यांचे फोटो पाठवतात, "फक्त दोनच शिल्लक आहेत मॅडम" म्हणून अर्धे पैसे यूपीआयवर टाकायला लावतात. पैसे टाकायच्या आधी स्क्रीनवर नाव काय येतंय ते बघा, हॉटेलच्या नावाऐवजी कोणा माणसाचं नाव आलं तर थांबा, मॅपवरच्या नंबरवर वेगळा फोन करा. आणि परतावा मिळवायला "हे अॅप टाका" म्हटलं की फोनच ठेवून द्या.

7. फिरायचं कसं: जिप्सी, परमिट आणि गुडघे

पचमढीच्या आजूबाजूचं जंगल सातपुडा व्याघ्र प्रकल्पात येतं. बी फॉल, धूपगड, रीछगड यांसारख्या जंगलाच्या हद्दीतल्या जागांना वनखात्याचं तिकीट लागतं आणि तिथली जिप्सी, म्हणजे उघडी जीप, करावी लागते, आपली कार नेता येत नाही. तिकीट बायसन लॉजवर मिळतं. ती इमारतच बघण्यासारखी आहे, कॅप्टन फोर्सिथने 1862 मध्ये बांधलेली, पचमढीतली इंग्रजांची पहिली पक्की वस्ती म्हणतात ती, आता आत जंगलाचं म्युझियम आहे. परमिटच्या रांगेत एक माणूस उभा राहिला की बाकीच्यांनी पोरांना म्युझियम दाखवून घ्या, दोन्ही कामं होतात. ओळखपत्राची झेरॉक्स खिशात ठेवा.

जिप्सीवाला पहिल्या भेटीत तुम्हाला "एका दिवसात सगळे पॉइंट" असं पॅकेज देईल. घेऊ नका. दर नीट ठरवा, कुठले पॉइंट, किती वाजेपर्यंत, परमिट धरून की वेगळं, आणि एखाद्या ठिकाणी म्हातारी माणसं खाली थांबली तर जिप्सी तिथेच थांबणार का. हॉटेलवाल्याने लावून दिलेल्या जिप्सीचा दर आणि स्टँडवरचा दर, दोन्ही विचारून मग ठरवायचं.

आता दिवस कसे लावायचे. पोचल्याच्या दिवशी काहीच नाही, संध्याकाळी तलावावर बोटिंग आणि बाजारात चक्कर, बस.

पहिल्या दिवशी सगळ्यांना झेपणारं: पांडव गुंफा, हांडी खोह, प्रियदर्शिनी पॉइंट. हांडी खोह म्हणजे सरळ खाली गेलेली दरी, रेलिंगला धरून बघायची, पोरांचे हात सोडायचे नाहीत. दुपारी साडेअकरा-बाराला खोलीवर परत. हे मी दहा वेळा सांगेन, बारा ते चार फिरायचं नाही, जेवायचं, झोपायचं, पत्ते खेळायचे. त्यासाठीच तर आलोय.

दुसऱ्या दिवशी पाणी: सकाळी लवकर अप्सरा विहार. उथळ डोह आहे, पोरांना डुंबायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, पण दगड शेवाळलेले असतात, चपला घसरतात, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. बी फॉल सुंदर आहे, आणि उतरायला पायऱ्या भरपूर आहेत, उतरताना सगळे हसत उतरतात आणि चढताना कोणी बोलत नाही. आमच्या सासूबाई पहिल्या वळणावरच बसकण मारून म्हणाल्या, "माले नही जमाव, तुम्ही जाई या," आणि लिंबूपाण्याच्या टपरीवाल्या बाईशी दीड तास गप्पा मारल्या, तिच्या सुनेची सगळी माहिती घेऊन आल्या. ज्यांना बसायचंय त्यांना बसू द्या, ओढू नका. फक्त त्यांच्याजवळ पाणी, फोन आणि थोडे सुटे पैसे ठेवा, आणि खाली नेटवर्क जातं हे धरून किती वाजता वर येणार ते सांगून जा.

तिसऱ्या दिवशी देव: जटाशंकर, बडा महादेव, गुप्त महादेव. जटाशंकरला पायऱ्या उतरून खाली गुहेत जायचं, वर कितीही ऊन असलं तरी आत गार लागतं. गुप्त महादेवाला दोन दगडांमधल्या चिंचोळ्या फटीतून एकामागे एक, अंग तिरकं करून जावं लागतं, जाडजूड माणसांनी आणि ज्यांना बंद जागेत धडकी भरते त्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा, देव समजून घेतो. चौरागडला हजाराच्या वर पायऱ्या आहेत, लोक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन चढतात, वर नुसते त्रिशूळच त्रिशूळ. जायचं असेल तर ज्यांना झेपतं त्यांनीच, पहाटे उजाडताना चढायला लागायचं आणि उन्हं तापायच्या आत खाली. दहा वाजता चढायला सुरुवात करणारे लोक मे मध्ये दरवेळी दिसतात, त्यांना बघूनच घाम येतो.

धूपगडचा सूर्यास्त एखाद्या संध्याकाळी, हा मात्र चुकवू नका, जिप्सी वरपर्यंत जाते त्यामुळे म्हाताऱ्यांनाही नेता येतं. वर वारा असतो, म्हाताऱ्यांना कानाला रुमाल बांधायला द्या. सूर्य गेला की सगळ्या जिप्स्या एकदम सुटतात, त्या गर्दीत आपली जिप्सी सापडत नाही, उतरतानाच नंबरचा फोटो काढून ठेवा.

माकडांचं विसरलेच. प्रसादाची पिशवी, पोराच्या हातातलं बिस्कीट, चष्मा, काही सोडत नाहीत. पिशवी बॅगेत टाका, हातात काही दाखवू नका, आणि पोरांना सांगा की माकडाला खाऊ द्यायचा नाही, ओरडून पळायचं पण नाही.

8. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं एका प्लास्टिकच्या पिशवीत, एका माणसाजवळ, आणि सगळ्यांचे फोटो दुसऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये:

- मोठ्या माणसांचं प्रत्येकाचं ओरिजिनल आधार किंवा दुसरं फोटो ओळखपत्र, प्रत्येकी दोन झेरॉक्स
- पोरांचं आधार, नसेल तर जन्मदाखला
- जाण्या-येण्याच्या तिकिटांचे प्रिंट, मोबाईल बंद पडतात म्हणून
- हॉटेल बुकिंगचा मेसेज आणि अॅडव्हान्सची पावती
- स्वतःची गाडी असेल तर आरसी, इन्शुरन्स, पीयूसी, लायसन्स, फास्टॅगमध्ये पैसे
- बीपी-शुगरवाल्यांची डॉक्टरांची चिठ्ठी, आणि गोळ्या ट्रिपपेक्षा चार दिवस जास्तीच्या

सामानात टॉर्च, ओआरएस, चांगली पकड असलेले बूट, टोप्या, एक पातळ शाल, कपडे वाळवायची दोरी. म्हाताऱ्यांची काठी घरी ठेवून येऊ नका, "लाज वाटते" म्हणतात, तिथे गेल्यावर बांबूची विकत घ्यावी लागते. रोख रक्कम ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय पण जातं.

गॅसची शेगडी-सिलेंडर नेऊ नका. आपल्याकडच्या लोकांना कुठेही गेलं तरी भरीत-भाकरी करायची हौस असते, मला मान्य आहे, पण रेल्वेत सिलेंडर नेणं गुन्हा आहे आणि उन्हाळ्याच्या वाळक्या जंगलात चूल पेटवणं तर त्याहून वाईट, एका ठिणगीने डोंगर जळतो.

9. खाण्याचं

तिकडे सकाळी पोहे-जिलेबी सगळीकडे, जेवणात डाळ-रोटी-भाजी, कुठे कुठे दाल-बाफले. चव चांगली असते पण आपल्या जिभेला मिळमिळीत वाटतं, दुसऱ्या दिवसापासून सासरे ठेचा मागतात. म्हणून घरून दशम्या, तिखट पुऱ्या, शेंगदाण्याची आणि लसणाची चटणी, भाजलेले दाणे, बिबड्या, मुरमुऱ्याचा चिवडा. दशम्या दुधात मळलेल्या असतील तर गाडीत पहिल्याच दिवशी संपवा, उन्हात त्या पुढे टिकत नाहीत. कळण्याची भाकरी तर नेऊच नका, वातड होते. बऱ्हाणपूरला गाडी थांबली आणि प्लॅटफॉर्मवर माव्याची जिलेबी दिसली तर घ्या, तिकडची ती प्रसिद्धच आहे, फक्त घाटाच्या आधी पोरांना देऊ नका.

दुपारचं जेवण हॉटेलवाल्याला सकाळीच सांगून जा. बारा थाळ्या एकदम मागितल्या की कुठेही तास लागतो.

10. पैशाचं

एकत्र ट्रिपमध्ये रुसवे-फुगवे इथूनच सुरू होतात. सुरुवातीलाच प्रत्येक कुटुंबाकडून सारखी रक्कम गोळा करून एकाकडे द्या, खर्च त्यातूनच, रोज रात्री वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचायचं. पोरांची खेळणी, घोड्याची चक्कर, ज्याचं त्याने. आई-वडिलांचा खर्च मुलांनी वाटून घ्यायचा आणि तो त्यांच्यासमोर मोजायचा नाही. नणंद-जावई बरोबर असतील तर त्यांच्याकडून घ्यायचे की नाही हे घरातून निघायच्या आधीच सासूबाईंना विचारून मोकळं व्हा.

11. निघायच्या आदल्या दिवशी आणि परत येताना

कूलरचं पाणी काढून टाका, नाहीतर येईपर्यंत त्यात डासांची पैदास. तुळशीला पाणी घालायला शेजारच्या काकूंना किल्ली. गॅसचा नॉब, इन्व्हर्टर, गच्चीचं दार.

परतीला पचमढीहून गाडीच्या वेळेआधी किमान साडेतीन-चार तास तरी निघा. घाटात एखादा ट्रक अडकला की रांग लागते. पिपरियाला दोन तास प्लॅटफॉर्मवर बसायला लागलं तरी चालेल, गाडीची लाइव्ह वेळ मोबाईलवर बघत राहायचं, लांबून येणाऱ्या गाड्या बऱ्याचदा लेट असतात. रात्रीचा डबा हॉटेलमधूनच बांधून घ्या. आणि दूधवाल्याला कुठल्या तारखेपासून परत दूध टाकायचं ते निघतानाच सांगून ठेवा, पहाटे भुसावळला उतरून घरी आल्यावर बारा जणांच्या चहाला दूध नसतं.